वाचकांचे प्रश्न : सांध्यातले निरोप

मागच्या अंकात मी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. हाताचे सांधे सुजले आणि सहा आठवड्यांत सूज उतरली नाही, तर शेक आणि लेप करत घरी बसू नका, ही एक. सांधा एक्स-रेत खराब दिसण्याच्या बऱ्याच आधी त्यातल्या पेशींची वागणूक बदललेली असते, ही दुसरी. पहिलीवर फोन आले, दुसरीवर पत्रं. पत्रांतली काही इथे घेते. रिपोर्टचे फोटो पाठवून ‘औषध लिहून द्या’ म्हणणाऱ्यांनी रागावू नये. सांध्याला हात न लावता मी औषध लिहीत नाही.

‘मी एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होतो. वय 66, वजन 84 किलो. गुडघ्यातलं वंगण संपलंय, गॅप कमी झालाय, असं मला सांगितलंय. बेअरिंग वाजायला लागलं की आम्ही ग्रीस भरायचो, नाहीतर बेअरिंगच बदलायचो. मग वंगणाचं इंजेक्शन घेतलं तर झीज थांबेल का? आणि यात पेशींचा काय संबंध? झिजलं ते झिजलं.’ (वाचक, पंढरपूर)

तुमचा दाखला मला आवडला, पण तो एका जागी मोडतो. बेअरिंगच्या पोलादात कुणी राहत नाही. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात पेशी राहतात. फार नाहीत, कूर्चेच्या आकारमानात त्यांचा वाटा दोनेक टक्के. बाकी सगळं कोलॅजनचं जाळं, त्यात अडकलेले अॅग्रेकनचे रेणू आणि त्या रेणूंनी धरून ठेवलेलं पाणी. तिथे रक्तवाहिनी नाही, नस नाही. या पेशींना खायला मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून झिरपेल तेवढं, आणि झिरपायला हालचाल लागते. गुडघा दुखतो म्हणून दिवसभर खाटेवर बसलात तर कूर्चा उपाशी राहते.

या पेशींना भार कळतो. पाऊल पडलं, कूर्चा दबली, की पेशीच्या आवरणातल्या दाब ओळखणाऱ्या वाहिन्या उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. रोजच्या मापातला भार असेल तर पेशी डागडुजीच्या कामाला लागतात. पण मेनिस्कस (गुडघ्यातल्या दोन हाडांमधली गादी) फाटला, किंवा पाय बाकदार असल्यामुळे वर्षानुवर्षं एकाच बाजूवर भार आला, तर आत जाणारा निरोप वेगळा असतो. मग त्याच पेशी दोन विकरं जास्त बनवायला लागतात : एडीएएमटीएस-5 आणि एमएमपी-13. पहिलं अॅग्रेकन कापतं, दुसरं कोलॅजन. कूर्चा नुसती घासून जात नाही, तिच्या स्वतःच्या पेशी ती आतून कापतात.

हे कशावरून? 2005 साली उंदरांवर झालेल्या प्रयोगावरून. काही उंदरांमध्ये एडीएएमटीएस-5 चं जनुक निकामी केलेलं होतं. मग त्यांच्या गुडघ्यातला मेनिस्कस शस्त्रक्रिया करून सैल केला. सांधा इतर उंदरांसारखाच डगमगला, घासला. पण कूर्चेचं नुकसान बरंच कमी झालं. झीज म्हणजे नुसतं घर्षण असतं तर दोन्ही गटांचे गुडघे सारखेच बिघडायला हवे होते.

‘झिजलं ते झिजलं’ हे तुमचं वाक्य मात्र अर्धं खरं आहे. अॅग्रेकन पुन्हा बनतं. कोलॅजनचं तसं नाही. 1950 आणि 60 च्या दशकांत उघड्यावर अणुचाचण्या झाल्या तेव्हा हवेतला कार्बन-14 वाढला आणि अन्नातून सगळ्यांच्या शरीरात गेला. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2016 साली माणसाच्या गुडघ्यांतल्या कूर्चेत तो मोजला. त्यांना आढळलं ते असं की मोठेपणी कूर्चेत नवं कोलॅजन जवळजवळ बनतच नाही. वाढीच्या वयात जे जाळं विणलं गेलं तेच म्हातारपणापर्यंत. सुरुवातीच्या टप्प्यात अॅग्रेकन जातं, तोवर मागे फिरायला वाव असतो. जाळं तुटायला लागलं की नसतो. एक्स-रेत तर कूर्चा दिसतच नाही, दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा. ‘गॅप’ कमी दिसतो तेव्हा बरंच जाळं गेलेलं असतं. (एक्स-रे उभं राहून काढला होता ना? झोपवून काढलेल्यात गॅप नीट कळत नाही.)

आता इंजेक्शन. त्यात हायल्युरॉनिक अॅसिड असतं, सांध्याच्या पाण्याला घट्टपणा देणारं. काहींना त्याने काही महिने बरं वाटतं, ते खोटं नाही. पण नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी तुलना केली तर फरक फार थोडा निघतो, आणि झीज थांबत नाही. तेवढेच पैसे खर्चायचे असतील तर फिजिओथेरपिस्टवर खर्चा. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघा सावरतो. आणि वजन. 2005 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की 1 किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार 4 किलोंनी उतरतो. तुम्ही 5 किलो कमी केलेत तर पावलाला 20 किलो. पण नुसत्या भाराचाच प्रश्न असता तर जाड माणसांच्या बोटांच्या सांध्यांना काही व्हायला नको होतं. त्यांच्यात बोटांची झीजही जास्त आढळते, आणि बोटांवर कुणी चालत नाही. चरबीच्या पेशी स्वतःच रक्तातून निरोप धाडतात, लेप्टिन हा त्यांतला एक.

‘वय 41, शाळेत विज्ञान शिकवते. तीन महिने झाले, सकाळी दीड-दोन तास दोन्ही हातांची बोटं वळत नाहीत, खडू धरवत नाही. मुठीचे आणि मधल्या पेरांचे सांधे सुजलेत. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणून घरचे म्हणतात संधिवात नाही. मी वाचलं की टीएनएफ नावाचा एकच रेणू अडवला तर हा आजार आटोक्यात येतो. सांध्यात एवढे निरोप फिरत असताना एक अडवल्यावर बाकीचे गप्प कसे बसतात? हे वर्गात कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.’ (शिक्षिका, बार्शी)

आधी तुमच्या हातांचं बोलू. याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञाकडे जा. रुमॅटॉइड संधिवाताच्या (प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो) दर चार-पाच रुग्णांत एकाचा तरी आरए फॅक्टर, म्हणजे रक्तातलं एक प्रतिपिंड, निगेटिव्ह असतो. उलट तो पॉझिटिव्ह असलेली अनेक म्हातारी माणसं ठणठणीत असतात. 2010 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत 10 पैकी 6 गुण लागतात. त्यांत सर्वांत जास्त वजन किती आणि कोणते सांधे सुजले याला आहे. अँटी-सीसीपी आणि सीआरपी या रक्तचाचण्या, हातापायांचे एक्स-रे आणि जमलं तर सोनोग्राफी करून घ्या. झिजेच्या दुखण्यात सकाळचं आखडणं सहसा अर्ध्या तासात सुटतं. तुमचं दोन तास टिकतं. घरच्यांना हे वाक्य वाचून दाखवा.

आता तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर केंब्रिजमधल्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत सुरू होतं. ऑनर फेल या बाईंनी 1929 पासून 1970 पर्यंत ती प्रयोगशाळा चालवली, आणि संचालकपद सोडल्यावरही त्या काम करतच होत्या. 1977 साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी जब यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या बशीत कूर्चेचा तुकडा ठेवायचा आणि जवळ सांध्याच्या आतल्या अस्तराचा, म्हणजे सायनोव्हियमचा, तुकडा. कूर्चा मेलेली असेल तर अस्तर तिला चिकटून असलं तरच ती विरघळायची. जिवंत कूर्चा मात्र अस्तर लांब असलं तरी विरघळायची. याचा अर्थ काय होतो, तो तुमच्या वर्गाला विचारा. अस्तरातून काहीतरी पाण्यात उतरत होतं, कूर्चेच्या पेशींपर्यंत पोचत होतं, आणि त्या पेशी स्वतःचंच घर मोडत होत्या. मेलेल्या पेशी निरोप ऐकू शकत नाहीत, म्हणून मेलेली कूर्चा लांबून सुरक्षित राहायची.

त्या पदार्थाला त्यांनी कॅटाबोलिन म्हटलं. डुकराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून जेरेमी साकलातवाला यांनी तो शुद्ध केला, आणि 1985 मध्ये उघड झालं की रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर काम करणारे लोक ज्याला इंटरल्युकिन-1 (आयएल-1) म्हणत होते तोच हा. पुढच्याच वर्षी साकलातवालांनी दाखवलं की टीएनएफही कूर्चेला तेच करायला लावतो. मग आयएल-6 आला, आयएल-8 आला. 1980 च्या दशकाअखेरीस तुमच्यासारखाच प्रश्न सगळ्यांना पडला होता : इतके निरोप असताना एकाला अडवून काय होणार? बहुतेकांचं मत होतं, काही नाही.

लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यांतून काढलेलं अस्तर तसंच्या तसं वाढवलं. नवी पेशी-वंशावळ नाही, उत्तेजक रसायन नाही. आजारी सांध्यात ज्या मिश्र पेशी होत्या त्याच. त्या अनेक दिवस आपणहून सायटोकाइन, म्हणजे हेच निरोपाचे रेणू, बनवत राहिल्या. या गटातल्या फियोनुला ब्रेनन यांनी 1989 मध्ये त्यात टीएनएफविरुद्धची प्रतिपिंडं टाकली, आणि आयएल-1 बनणंही थांबलं. नंतर उलटं करून पाहिलं गेलं : आयएल-1 अडवला, तर टीएनएफ कमी झाला नाही. म्हणजे सगळे निरोप बरोबरीचे नव्हते. टीएनएफ वरच्या पायरीवर होता, त्याच्या हुकमावर खालचे चालत होते. 1992 साली लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये 20 रुग्णांना टीएनएफ अडवणारं औषध दिलं गेलं, पुढे इन्फ्लिक्सिमॅब नावाने ओळखलं गेलं ते. त्यांच्या सांध्यांची सूज आणि वेदना ठळकपणे उतरली. काही आठवड्यांनी औषधाचा अंमल संपला आणि आजार परत आला. ते परत येणंही महत्त्वाचं होतं, कारण पुन्हा डोस दिला की पुन्हा उतरत होतं.

पेशीच्या आत काय होतं, तेही थोडक्यात. टीएनएफ पेशीच्या आवरणावरच्या ग्राहकाला (निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो, आत एकामागून एक प्रथिनं बदलत जातात, शेवटी एनएफ-कप्पाबी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि सुजेची जनुकं चालू होतात. आयएल-6 वेगळ्या वाटेने जातो, जेएके नावाच्या विकरांच्या. ती वाट पेशीच्या आत अडवणारी गोळी, टोफासिटिनिब, 2012 पासून आहे. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयाचा धोका असलेल्या लोकांत तिच्याबद्दल 2021 मध्ये गंभीर इशारा दिला गेला, म्हणून ती शेजारणीच्या सांगण्यावरून घ्यायची नसते. तुमची सकाळची बोटंही याच हिशेबात बसतात : रात्री उशिरा आणि पहाटे आयएल-6 रक्तात सर्वाधिक चढतो, आणि तो आवरायला शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक अपुरं पडतं.

अस्तराबद्दल एक सांगायचं राहिलं. निरोगी अस्तराचा वरचा थर एक ते तीन पेशींचा. रुमॅटॉइडमध्ये तो दहा-वीस पेशींचा होतो आणि कूर्चेवर पसरत हाडात शिरतो. तिथे आरएएनके-लिगंड नावाचा निरोप हाड खाणाऱ्या पेशी तयार करतो, आणि एक्स-रेत जे कुरतडल्यासारखे खड्डे दिसतात ते त्यांचं काम. हे खड्डे भरून येणं क्वचितच. म्हणून मी ‘याच आठवड्यात’ म्हटलं. नेदरलँड्समधल्या लायडनला 1993 मध्ये सुरुवातीच्या संधिवातासाठी वेगळं क्लिनिक निघालं ते यासाठीच : पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर औषधाशिवाय बरं राहण्याची शक्यता वाढते.

तुम्हाला पहिल्यांदा टीएनएफचं औषध कुणी देणार नाही, देऊही नये. पहिलं औषध मेथोट्रेक्सेट. भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत होते. 1940 च्या दशकात त्यांच्या चमूने फॉलिक अॅसिडला विरोध करणारे रेणू बनवले, रक्ताच्या कर्करोगावर, त्यांतलं हे. संधिवातासाठी अमेरिकेत मान्यता मिळायला 1988 उजाडलं. कर्करोगाच्या मानाने अगदी थोडी मात्रा, आठवड्यातून एकदा. तेवढ्या मात्रेत पेशींबाहेर अॅडेनोसिन साठतं आणि ते सुजेला आवर घालतं, असं मानलं जातं. त्याने पुरेसं भागलं नाही तर पुढची पायरी. तेव्हा छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी केल्याशिवाय टीएनएफविरोधी इंजेक्शन घेऊ नका. क्षयाच्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवायला शरीराला टीएनएफ लागतो. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्यांतले 70 क्षयरुग्ण 2001 मध्ये नोंदवले गेले, आणि त्यांतले बहुतेक क्षय कमी असलेल्या देशांतले होते. आपल्याकडे ही चाचणी टाळणं म्हणजे निव्वळ बेफिकिरी. किमतीचं विचाराल तर 2014 मध्ये झायडस कंपनीने अडॅलिमुमॅब या टीएनएफविरोधी औषधाचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं रूप, आपल्या देशात आणलं. तरीही ते स्वस्त म्हणवत नाही.

‘आईला गावातल्या एकाने पुड्या दिल्या. चौथ्या दिवशी ती जिना चढली! सात महिने तेच चालू आहे. आता चेहरा गोल झालाय आणि साखर वाढलीय. पुड्या बंद करू का?’ (वाचक, अकलूज)

एकदम बंद करू नका, आणि चालूही ठेवू नका. आईला आणि पुड्यांना घेऊन फिजिशियनकडे जा, लगेच. वर्णनावरून त्यात स्टेरॉइड असावं. 1948 च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी खाटेला खिळलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोन दिलं आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. 1950 चं नोबेल त्यासाठीच. स्टेरॉइड केंद्रकापर्यंत जाऊन एनएफ-कप्पाबीची बरीच कामं बंद करतं, म्हणून चौथ्या दिवशी जिना. पण शरीरभर करतं, म्हणून साखर, हाडं, गोल चेहरा. महिनोन्महिने बाहेरून मिळाल्यावर आईच्या स्वतःच्या अधिवृक्क (कॉर्टिसॉल बनवणाऱ्या) ग्रंथी झोपलेल्या असतील. अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळू शकतो. मात्रा हळूहळू उतरवावी लागते. मीही स्टेरॉइड देते, मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा-आठ आठवडे लागतात तेवढ्यापुरतं. पण चिठ्ठीवर नाव आणि मिलिग्रॅम लिहून.

‘सासूबाईंना रुमॅटॉइड आहे. त्या मिश्री लावतात, सासरे विडी ओढतात, माझे मिस्टर यंत्रमागावर. तंबाखूने संधिवात होतो असं ऐकलं. खरं का?’ (वाचक, सोलापूर)

धूर फुप्फुसात गेला तर धोका वाढतो, हे पक्कं. धुराने फुप्फुसातली काही विकरं चेतवली जातात आणि ती प्रथिनांतल्या अर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन करतात. ज्यांच्याकडे एचएलए-डीआरबी1 जनुकाचे विशिष्ट प्रकार आहेत, त्यांचं शरीर त्या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला लागतं; अँटी-सीसीपी चाचणी तीच शोधते. म्हणजे सांध्याचा आजार सांध्यात सुरू होतोच असं नाही. 2006 च्या स्वीडनमधल्या अभ्यासात असं जनुक आईबापांकडून दोन्ही बाजूंनी मिळालेल्या धूम्रपान करणाऱ्यांत, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह संधिवाताचा धोका जनुक आणि धूर दोन्ही नसलेल्यांच्या 21 पट निघाला. त्याच देशात ओठाखाली ठेवायच्या तंबाखूने हा धोका वाढलेला दिसला नाही. त्यावरून मिश्रीला सूट देऊ नका. मिश्री भाजलेल्या तंबाखूची, ती वेगळी गोष्ट, आणि तोंडाचा कर्करोग संधिवाताहून वाईट.

यंत्रमागाचा प्रश्न तुम्ही सहज विचारलात, पण सोलापुरात तो विचारायलाच हवा. 2016 मध्ये मलेशियातल्या बायकांचा अभ्यास आला : कापडाच्या धुळीत काम केलेल्यांत रुमॅटॉइडचं प्रमाण जास्त. खाणीतल्या सिलिकाच्या धुळीबद्दल तर फार आधीपासून ठाऊक आहे. मिस्टरांना मास्क वापरायला सांगा. सासऱ्यांची विडी घराबाहेर काढा. संधिवाताचं राहू द्या, निदान तुमच्या मुलांचा खोकला तरी कमी होईल.

‘मी कोल्हापूरला एमएस्सी जीवरसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात कूर्चेच्या पेशींवर आयएल-1 टाकलं की एमएमपी-13 वाढतं आणि हळदीतलं कर्क्युमिन टाकलं की उतरतं. निष्कर्ष “हळद ऑस्टिओआर्थ्रायटिसवर (झिजेच्या संधिवातावर) उपयुक्त” असा लिहू का?’ (विद्यार्थी)

नको लिहूस. तुझा प्रयोग वाईट नाही, निष्कर्ष उडी मारतो आहे.

पहिला प्रश्न, आयएल-1 किती टाकलंस? बहुतेक ठिकाणी मिलिलिटरला 10 नॅनोग्रॅम टाकतात. झिजेच्या गुडघ्यातल्या पाण्यात ते पिकोग्रॅममध्ये सापडतं. तू पेशींना हजारपट मोठ्या आवाजात निरोप दिलास आणि मग तो दाबून दाखवलास. दुसरा प्रश्न, पेशी कितव्या पॅसेजच्या? प्लास्टिकवर दोन-तीनदा वाढवल्या की कूर्चेच्या पेशी चपट्या होतात, टाइप-2 ऐवजी टाइप-1 कोलॅजन बनवू लागतात. त्या मग कूर्चेच्या पेशी म्हणवत नाहीत. मार्गदर्शकांनी विचारलं नसेल तर परीक्षक विचारतील.

तिसरा मुद्दा जास्त मोलाचा आहे. आयएल-1 हा निरोप बशीत कूर्चा विरघळवतो, हे फेल बाईंपासून ठाऊक. मग तो अडवणारी औषधं झिजेच्या गुडघ्यावर चालायला हवी होती. अनाकिन्रा गुडघ्यात टोचून पाहिलं, 2009 ची चाचणी, प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली डोसच्या) पुढे गेलं नाही. आयएल-1 चे दोन्ही प्रकार अडवणारं लुटिकिझुमॅब, 2019, तेही कूर्चा वाचवू शकलं नाही. रुमॅटॉइडमध्ये चमत्कार करणारं अडॅलिमुमॅब बोटांच्या झिजेत फसलं. आयएल-1 चा एक प्रकार अडवणारा कॅनाकिनुमॅब 10,061 हृदयरोग्यांच्या चाचणीत वापरला होता, आणि 2020 मध्ये त्यांची आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा औषध मिळालेल्यांत गुडघा-खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रिया कमी झालेल्या आढळल्या. ती चाचणी गुडघ्यासाठी आखलेली नव्हती, म्हणून मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही, पण दुर्लक्षही करत नाही. आणि स्प्रिफर्मिन बघ : वाढीचा निरोप देणारं प्रथिन, 2019 च्या चाचणीत कूर्चा खरोखर थोडी जाड झाली, रुग्णांचं दुखणं मात्र प्लासिबो घेणाऱ्यांइतकंच राहिलं.

माझं मत विचारशील तर रुमॅटॉइडमध्ये हुकूम अस्तरातून सुटतो, तिथे वरची पायरी सापडली. झिजेत हुकमाचा मोठा भाग भारातून येतो, आणि भार रोज चालताना पुन्हा पडतो. एका रेणूला अडवून तो थांबत नाही.

कर्क्युमिनचं आणखी एक. ग्रॅमभर खाल्लं तरी आतडं आणि यकृत त्याला बांधून टाकतात, रक्तात मोकळं फार थोडं उरतं. शिवाय ते चाचण्यांमध्येच ढवळाढवळ करतं. स्वतः चमकतं, प्रथिनांना कुठेही चिकटतं. शोषण वाढवलेल्या कॅप्सूलच्या छोट्या चाचण्यांत गुडघेदुखीला थोडा उतार दिसलाय, तेवढं म्हणता येईल. तू असं लिही : ‘या मात्रेला, या पॅसेजच्या पेशींत, कर्क्युमिनने आयएल-1 मुळे वाढलेलं एमएमपी-13 कमी केलं.’ लहान वाक्य आहे, पण कुणी खोडू शकणार नाही.

‘आम्ही आइंडहोव्हनला राहतो. माझ्या बोटांत दुखतं, सूज नाही, अँटी-सीसीपी बरंच पॉझिटिव्ह. इथले डॉक्टर म्हणतात, वाट पाहू. पुण्याला आले तर लगेच औषध सुरू कराल का?’ (वाचक, नेदरलँड्स)

तुम्ही योग्य देशात आहात. डच रक्तदात्यांच्या साठवलेल्या रक्तावरूनच 2004 मध्ये कळलं की पुढे रुमॅटॉइड झालेल्या 79 जणांपैकी साधारण निम्म्यांच्या रक्तात प्रतिपिंडं आधीच होती, मध्यक काढला तर साडेचार वर्षं आधी. पण प्रतिपिंडं असलेल्या सगळ्यांना आजार होत नाही. लायडनच्या चाचणीत अशाच दुखणाऱ्या पण न सुजलेल्या लोकांना वर्षभर मेथोट्रेक्सेट दिलं. 2022 चा निकाल असा की आजार टळला नाही, दुखणं आणि आखडणं मात्र कमी राहिलं. 2024 मध्ये अबाटासेप्टची ब्रिटन आणि नेदरलँड्समधली चाचणी आली. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना चेतवायला दोन निरोप लागतात, त्यांतला दुसरा ते अडवतं. 12 महिन्यांत संधिवात झाला तो औषध घेणाऱ्यांत 6 टक्क्यांना, प्लासिबोत 29 टक्क्यांना. औषध थांबवून आणखी वर्ष गेल्यावर 25 आणि 37. म्हणजे पुढे ढकललं गेलं, टळलं असं अजून म्हणवत नाही.

पुण्यात काय किंवा सोलापुरात काय, मीही लगेच औषध दिलं नसतं. तुमच्या डॉक्टरांना एमआरआय किंवा सोनोग्राफीबद्दल विचारा. डोळ्यांना न दिसणारी सूज त्यात सापडते. सिगारेट असेल तर आजच बंद. हिरड्या दंतवैद्याला दाखवा. हस्तांदोलन केल्यावर मुठीचे सांधे कळवळले, किंवा सकाळी पहिल्या पावलांना चवडे दुखले, तर पुढच्या भेटीची तारीख येण्याची वाट पाहू नका.

‘पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला. चार महिने झाले, घोटे आणि मनगटं सुजतात. हे रुमॅटॉइड आहे का?’ (वाचक, पुणे)

बहुधा नाही. बहुतेकांचं काही महिन्यांत, फार तर वर्ष-दोन वर्षांत शमतं. 2005-06 च्या साथीनंतर हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरातल्या पेशींत महिन्यांनंतरही विषाणूचे अवशेष मिळाले होते. ते असेपर्यंत निरोप सुटत राहतात, आयएल-6 सकट. अँटी-सीसीपी साधारणपणे निगेटिव्ह येतं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणच्या गावकऱ्यांची 1996 पासून डॉ. अरविंद चोप्रांच्या गटाने पाहणी केली, तेव्हा रुमॅटॉइडचं प्रमाण प्रौढांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. साथीनंतर सांधे धरलेली माणसं त्याहून कितीतरी जास्त असतात. पण चार महिने सूज आहे, तर एकदा दाखवून घ्या. थोड्यांना मेथोट्रेक्सेट लागतं.

‘शनिवारची मेथोट्रेक्सेट विसरले, सोमवारी आठवलं. काय करू?’ (वाचक, लातूर)

दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्या. त्याहून उशीर झाला असेल तर सोडा, पुढच्या शनिवारी नेहमीची मात्रा घ्या, दुप्पट नको. फॉलिक अॅसिडची गोळी ठरलेल्या दिवशी वेगळी. औषधाच्या दुकानातून पुडक्यावर ‘रोज एक’ लिहून आलं असेल तर खोडा आणि मोठ्या अक्षरात ‘शनिवार’ लिहा. आणि तोंडात फोड आले, ताप आला किंवा अंगावर निळे डाग दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासा.